पांढरीची माती

कोपी उभी राहायला अर्धा दिवस पुरतो. साखर कारखान्याकडून मिळालेले बांबू गोलाकार रोवायचे, टोकं वाकवून सुतळीनं बांधायची, वरून चटई, चटईवर पाचट, पाचटावर काळा कागद. दादा हे सगळं न बोलता करायचे. तोंड कुणीकडं ठेवायचं, ते मात्र माय ठरवायची. मूठभर माती हवेत सोडून वारा बघायची आणि म्हणायची, "हिकडून नको, धूर घरात शिरंल." घर. हाच शब्द वापरायची ती.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. बालाघाटाच्या डोंगरातली मुरमाड जमीन. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पडला तर. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक गावात यायचा. त्याच्याकडून घेतलेली उचल तोवर कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात संपलेली असायची. मग शेजारी एवढंच सांगायचे, "कारखान्याला गेलेत." सांगली, कोल्हापूर, थेट बेळगाव, सगळं त्या एका शब्दात. दर वर्षी बीडमधून लाखो माणसं अशी जातात, आणि हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, एक कोयता.

ट्रकात बाजरीचं पोतं, काटवट, तवा, कोंबड्या, शेळी आणि मायच्या गाठोड्यात तळाला गावठाणातली पांढरी माती असायची. नदीकाठची काळी माती चुलीला चालत नाही, वाळली की तडकते, असं ती म्हणायची. तीन दगड मांडून त्यांना ती पांढरी लिंपायची. चूल पेटली, पहिली भाकरी फुगली की मग आम्हा पोरांना आत बोलवायची. तोवर कोपीत कुणी पाठ टेकायची नाही.

आत वाकूनच जावं लागे. सगळं हाताच्या अंतरावर : दोरीवर कपडे, बांबूला कंदील, मधोमध धाकट्याची झोळी. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. म्हणून सगळ्यांना घाई. पहाटे तीनला दोघं फडात, संध्याकाळपर्यंत दीड-दोन टन ऊस तोडून मोळ्या बांधायच्या. मी भावाला सांभाळायची, पाणी भरायची. वाढ्याच्या पेंढ्या विकून मीठ-मिरची यायची. शाळेच्या हजेरीपटावर मी गावात होते. रेशनकार्डावर, मतदारयादीतही आम्ही गावातच. वर्षातले सहा महिने आम्ही जिथं जगलो, त्या जागेची नोंद कुठंच नाही.

कोपीला न्हाणी नसते. बाया अंधारात, दोन बांबूंना लुगडं बांधून अंघोळ उरकायच्या. पाळी आली तरी मोळी डोक्यावर, खाडा केला तर पैसे कापले जायचे. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ते ओलं लुगडं आलं, पहाटेच्या थंडीत बांबूवर वाळत घातलेलं.

पट्टा पडला, कारखाना थंडावला की कोपी तासाभरात आडवी व्हायची. बांबू, चटया परत. चूल मात्र माय मोडायची नाही. ट्रक निघाला की मोकळ्या रानात ओळीनं मांडलेल्या चुली दिसायच्या. सगळ्या काळ्या, आमची तेवढी पांढरी.

आता गावात घरकुल झालंय, गॅस आहे. माय फारशी वाकत नाही. परवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेले, तर ती काठी टेकत गावठाणाच्या पांढरीवर निघालेली. मी टोपलं धरलं, तिनं खुरप्यानं माती काढली, खडे वेचून बाजूला टाकले. मी काही विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं धाकट्याच्या बायकोचं गाठोडं सोडलं आणि माती तळाला, लुगड्याच्या घडीखाली ठेवली. "सूनबाई," ती म्हणाली, "आधी वारा बघ. मग चूल मांड."