टेलची खोली

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलाकडे होतो. तिथली एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

मुलाचं घर जुनं, लाकडी. तळघरात गॅसची भट्टी. तिची गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून (तिकडे डक्ट म्हणतात) प्रत्येक खोलीत जाते. आमची खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. बाकी घर उबदार, पण तिथे सौ. दोन स्वेटर घालून झोपायची. "त्याला सांगू नका हं, उगीच मनाला लावून घेईल," असं तिनं मला बजावलं होतं.

भट्टी आता म्हातारी झाली होती. तिच्या जागी मुलगा हीट पंप बसवणार होता. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रीज. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली गोळा करून आत आणतो. फार कडाका नसेल तर एका युनिट विजेत तीनेक युनिटांची ऊब मिळते. ठेकेदार आला तेव्हा मुलगा म्हणाला, "आईबाबांची खोली गार राहते." म्हणजे त्याला ठाऊक होतं तर! ठेकेदारानं दहा मिनिटांत निकाल दिला: मोठं मशीन बसवा.

मला एकदम आपला नीरा डावा कालवा आठवला. इंग्रजांच्या काळातला, वीरहून निघणारा. आधी बारामती, मग इंदापूर. आमची जमीन इंदापूर तालुक्यात, टेलला. पाळी आली की वडील रात्री कंदील घेऊन चारीवर बसायचे. वरून पाणी भरपूर सुटलेलं असे, पण फुटक्या चारीतून झिरपत झिरपत आमच्याकडे करंगळीएवढी धार यायची. वडील म्हणायचे, चारी धड नसेल तर वरून कितीही सोडा, टेल कोरडाच.

मी मुलाला म्हटलं, "मशीनचं राहू दे, आधी चारी बघ."

तो हसला, पण त्यानं दुसरा जाणकार बोलावला. त्यानं खोल्या-खिडक्या मोजल्या, नळ्यांची तोंडं बंद करून पंख्यानं दाब दिला आणि गळती तपासली. माळ्यावरचे सांधे उघडे निघाले. तिकडच्या सर्वसाधारण घरात नळ्यांतली २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाते. पाटाच्या गळतीवर काठच्या विहिरी तरी भरतात, माळ्यावरची गळती कुणाच्याच कामाची नाही!

आणखी एक कळलं. भट्टीची हवा ५०-६० अंशांची, पंपाची ३५-४० ची. हवा कोमट, म्हणून ती जास्त सोडावी लागते. नळी अरुंद असली तर आवाज होतो आणि मशीनला धाप लागते. शिवाय खोलीतली हवा परत जायलाही वाट हवी. आमच्या खोलीला ती नव्हतीच. दार लावलं की कोंडी.

मग सांधे लेपानं बुजवले (साधी चिकटपट्टी तिथे टिकत नाही), माळ्यावरच्या नळ्यांना जाड वेष्टण घातलं, आमची नळी रुंद केली, परतीची वाट काढली. मोठं मशीन लागलंच नाही.

पहिल्या रात्री जाळीपाशी हात धरला तर हवा नुसती कोमट. मुलगा दारात उभा. "बाबा, गार वाटतंय का?" तासाभरानं सौ. नं एक स्वेटर काढला, मग दुसरा, आणि घडी करून उशाशी ठेवले.

जाता जाता त्यानं विचारलं, "आजोबांना कधी पुरती पाळी मिळाली का हो?"

"मिळालेली मला आठवत नाही," मी म्हणालो. त्यानंतर बराच वेळ दोघंही गप्प होतो.

असो. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनो, पंप बसवणार असाल तर आधी टोकाची खोली तपासून घ्या. आईवडिलांना विचारत बसू नका. ते सांगणार नाहीत.