हा विषय आमच्याकडे बसत नाही

पीएच.डी.च्या मुलाखतीत ऐकलेलं हे वाक्य मला अजून टोचतं. विषयात खोट काढली असती, वाचन तोकडं आहे म्हटलं असतं, तर घरी येऊन आणखी वाचलं असतं. विषय ‘बसतच नाही’ म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

मी अमळनेरकडची. एम.एस्सी. फिजिक्स, मग ज्युनिअर कॉलेजात शिकवता शिकवता तत्त्वज्ञानात एम.ए., नेट, जेआरएफ. प्रताप शेठजींनी 1916 साली उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर आमच्याच गावातलं, त्यामुळे तत्त्वज्ञान घेऊन काय करणार, असं घरात कुणी फारसं विचारलं नाही.

माझा प्रश्न असा होता. अल्फाफोल्ड या प्रणालीला अमिनो आम्लांचा क्रम दिला की ती प्रथिनाची त्रिमितीय रचना सांगते. 2022 पर्यंत 20 कोटींहून अधिक रचनांचे अंदाज तिनं दिले होते. पण ती साखळी घडत जाते कशी, आधी कुठे वळते आणि का, हे ती सांगत नाही. स्वतः त्या उत्तराला कशी पोचली, तेही कोट्यवधी आकड्यांत विखुरलेलं असतं. मग निसर्गातली एक गोष्ट आपल्याला ‘समजली’ असं म्हणायचं का? हेम्पेल आणि ओपेनहाइम यांनी 1948 मध्ये मांडलेल्या आराखड्यात भाकीत आणि स्पष्टीकरण यांची तार्किक घडण एकच होती. इथे अचूक भाकीत आहे आणि स्पष्टीकरण नाही. या फारकतीवर मला काम करायचं होतं.

समितीतल्या अध्यक्षांनी सिनॉप्सिसचं पहिलं पान उघडलं आणि ‘प्रथिने’ या शब्दाभोवती लाल पेनानं गोल काढला. ‘मॅडम, यात तत्त्वज्ञान कुठे आहे?’ मी सांगायला लागले. ट्यूरिंगचा यंत्रांच्या विचारशक्तीवरचा 1950 चा लेख ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला होता, सर्लच्या 1980 च्या ‘चिनी खोली’वर तत्त्वज्ञ अजून भांडतात. त्यांनी हातानंच थांबवलं. ‘ते ठीक आहे हो, पण गाइड कोण? तुम्ही कॉम्प्युटरवाल्यांकडे जा.’

मी तिथे आधीच जाऊन आले होते. तिथले प्राध्यापक फार सौजन्यानं बोलले, चहाही दिला आणि विचारलं, ‘डेटासेट कुठला? अल्गोरिदममध्ये सुधारणा काय करणार?’ सुधारणा करणार नव्हते, त्यामुळे तोही रस्ता बंद. हे समितीला सांगितलं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला को-गाइड घेता येतो, हेही सांगितलं. यावर समितीतले दोघे एकमेकांकडे बघून हसले. ते हसू मला लाल गोलापेक्षा जास्त लागलं. मग एक तडजोड पुढे आली. शीर्षक बदला, ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचे नैतिक पैलू : एक चिकित्सक अभ्यास’ असं करा, विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत (आरआरसी) लगेच पास होईल. माझ्या जेआरएफची मुदत संपत आली होती, महिना 37,000 रुपये माझ्या घरात फार मोठी रक्कम होती. तरी मी नाही म्हटलं.

नीतीचे प्रश्न दुय्यम आहेत असं माझं म्हणणं नाही. पण यंत्राचा विषय निघाला की तत्त्वज्ञानाकडे फक्त नीतीचा तास सोपवायचा, ही सवय घातक आहे. यंत्रानं वर्तवलेलं निदान हे ज्ञान आहे का, हे ठरल्याशिवाय त्याची जबाबदारी कुणाची हे कसं ठरणार? वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात ज्याच्या शब्दावर विसंबायचं, त्यानं ती गोष्ट स्वतः जाणलेली हवी आणि जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. यंत्रात या दोन्हींपैकी काय सापडतं? हा प्रश्न हाताळायला आपल्याकडच्या तत्त्वज्ञान विभागांइतकी तयारी जगात मोजक्याच ठिकाणी असेल, आणि तिथेच विषय बसत नाही! पुढे 2024 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अल्फाफोल्डच्या कामाला मिळाला, तेव्हा त्या खोलीची आठवण येऊन मला दिवसभर जेवण गेलं नाही.

तोपर्यंत मी जर्मनीत पोचले होते. इथे पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीच्या जाहिरातीसारखी निघते. करार, पगार, आणि पद बऱ्याचदा अर्धं किंवा 65 टक्के. मुलाखतीआधी त्यांनी एक शोधनिबंध पाठवला आणि त्यात काय चुकलंय ते सांगा म्हणाले. मी कुठल्या विभागाची, हे कुणीच विचारलं नाही. शेजारच्या खोलीत जीवशास्त्राची मुलगी बसते, अडलं की मी तिचं दार ठोठावते.

पण इथे प्रश्न प्रकल्पानं आधीच ठरवलेला असतो. न्यायदर्शनावर एक प्रकरण लिहू म्हटलं तर मार्गदर्शक बाई शांतपणे म्हणाल्या, प्रकल्पाच्या आराखड्यात ते नाही, वेगळा लेख लिही. करारातले महिने संपत चाललेत, वेगळा लेख कधी लिहिणार? ज्या समितीवर मी इतकी चिडले, तिनं मला न्यायदर्शनावर अख्खा प्रबंध आनंदानं लिहू दिला असता, हेही खरं आहे.

पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलांना मी सांगते, की शीर्षकाआधी गाइड शोधा. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा आहे का ते आधी विचारा. को-गाइडचं संमतिपत्र लेखी घेऊनच मुलाखतीला बसा. आणि परदेशातली जाहिरात दिसली तर प्रश्न आपला आहे की त्यांचा, ते नीट वाचा.

मध्यंतरी धुळ्याच्या एका मुलीचा फोन आला. जर्मनीला येऊ का, म्हणाली. मी ये म्हटलं. मग तिनं सिनॉप्सिस पाठवला. वारंवार पाहिलेल्या उदाहरणांवरून व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला अटळ संबंध, कशी ठरते याची नैयायिकांची चर्चा आणि यंत्राचं उदाहरणांवरून शिकणं, यांची तिनं समोरासमोर मांडणी केली होती. सुरेख होती. इथला कुठला प्रकल्प ते जसंच्या तसं घेईल असं मला वाटत नाही, म्हणून तिला आधी भारतातच प्रयत्न कर असं कळवलं आणि दोन गाइडची नावं दिली. दोघांकडेही सध्या जागा नाही.