एक नाणं, तीन लाइफ

मँचेस्टरहून ट्रामनं शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलं की बेरी येतं. तिथं एला मिल नावाच्या जुन्या गिरणीत आर्केड क्लब आहे. दारात एकदाच फी भरायची आणि आत शिरायचं. आत पॅकमॅन, डिफेंडर, गॅलॅगा, आउट रन, स्ट्रीट फायटर अशी शेकडो मशीन. हवं ते खेळा, हवं तितक्यांदा खेळा. नाणं टाकायची फट मशीनला अजून असते, पण तिकडे कुणी बघत नाही. स्टार्टचं बटण दाबलं की डाव सुरू.

मी तिथं नेमानं जातो, आणि आता माझं मत पक्कं झालंय: हे खेळ शिकायचे असतील तर फुकटचा डाव आडवा येतो.

कारण हे खेळ नाण्यासाठीच रचलेले होते. गिऱ्हाईक दोन-चार मिनिटांत बाद व्हावं, पण ‘थोडक्यात गेलं’ असं म्हणत त्यानं पुन्हा खिशात हात घालावा, हा त्यामागचा हिशेब. पॅकमॅनच्या सर्किट बोर्डावर बारीक स्विचांची एक पट्टी असते. एका नाण्यात किती डाव द्यायचे, लाइफ एक, दोन, तीन की पाच, जादा लाइफ दहा हजारांवर द्यायची, पंधरावर, वीसवर की मुळीच नाही, हे सगळं मालक त्या पट्टीवर ठरवायचा. फुकट खेळाची सोयही त्याच पट्टीवर आहे, पण धंद्यात ती कोण वापरणार?

इंग्लंडात या नाण्याची धास्ती थेट संसदेत पोचली होती. मजूर पक्षाचे खासदार जॉर्ज फोक्स यांनी मे १९८१मध्ये स्पेस इन्व्हेडर्स आणि तसल्या खेळांवर नियंत्रण आणणारं विधेयक मांडलं. पोरांना व्यसन लागतं, ती शाळा बुडवतात, पैशांसाठी चोऱ्या करतात, असं त्यांचं म्हणणं. विधेयक ९४ विरुद्ध ११४ मतांनी पडलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला डोंबिवलीतले आमचे शेजारी आठवले. त्यांचं भाषणही हेच होतं, फक्त मराठीत.

डोंबिवलीतलं आमचं गेम पार्लर म्हणजे शटरचा एक गाळा, कळकट पंखा, भिंतीला लावलेली दोन-तीन मशीन आणि टोकन देणारा दादा. कॅपकॉमच्या १९९३च्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आमच्यासाठी तो ‘मुस्तफा’. खिशात एकच टोकन असलं की आधी मोठ्या पोरांच्या खांद्याआडून बघत उभं राहायचं. कुठल्या ड्रममधून काय निघतं, बॉस आला की कुठे सरकायचं, हे सगळं डोळ्यांत साठवायचं आणि मगच आपलं टोकन काढायचं. खेळायला मिळायचं थोडं, बघायला भरपूर; आणि जे काही शिकलो ते त्या बघण्यातच.

पॅकमॅनच घ्या. तोरू इवातानी यांनी नामकोसाठी १९८०मध्ये केलेला हा खेळ. बटण लागत नाही, चार दिशांना हलणारी एक दांडी तेवढी. नवख्याला वाटतं, भुतं वाट्टेल तशी धावतायत. तसं अजिबात नाही. लाल भूत तुम्ही असाल तिथं यायला बघतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढं नेम धरतं, म्हणजे वाट अडवायला येतं. निळ्याचा नेम लाल कुठे आहे त्यावरही ठरतो. नारिंगी लांबून पाठलाग करतं आणि जवळ आलं की डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे वळतं. बाजूच्या बोगद्यात भुतांचा वेग पडतो. ठिपके थोडे उरले की लाल भूत पिसाळतं. हे कळलं की अर्धी भीती जाते.

उरलेली अर्धी मनगटाची. वळणाशी पोचल्यावर दांडी फिरवली तर उशीर झालेला असतो. ती किंचित आधी फिरवायची, म्हणजे पॅकमॅन कोपरा तिरका कापतो. भुतांना ते जमत नाही. एका वळणावर सुटतं ते अंतर डोळ्यांना दिसतही नाही, पण चार-पाच वळणं अशी घेतली की पाठीवर बसलेलं भूत मागे पडतं. दांडी मुठीत आवळायची नाही, अंगठा आणि दोन बोटांत धरायची. उजवा हात असा गुंतला की डावा आपोआप मशीनच्या कडेला टेकतो. जुन्या पॅकमॅनची डावी कड मुद्दाम बघा, तिथला रंग बहुतेक वेळा घासलेला असतो. हजारो माणसांनी तीच जागा धरलीय.

हे खेळ फोनवरही असतातच की, असं मला विचारतात. असतात. पण मिडवे कंपनीच्या उभ्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये खेळ आरशातून दिसतो आणि मागे रंगवलेला चंद्र असतो. शत्रू त्या चंद्रापुढे अधांतरी तरंगतात. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८मध्ये तो केला, तेव्हा ५५ आकृत्या हलवताना प्रोसेसरची दमछाक व्हायची आणि आकृत्या मरत गेल्या की वेग आपोआप वाढायचा. निशिकादोंनी तो वाढता वेग तसाच राहू दिला. शेवटचा शत्रू इतका सुसाट धावतो की तो आहे तिथं नव्हे, तो असेल तिथं गोळी सोडावी लागते. ते गणित उभ्यानं, खऱ्या बटणांवरच हातात बसतं.

मागे एका मित्राच्या मुलाला बेरीला घेऊन गेलो होतो. तो डिफेंडरसमोर उभा राहिला. मेला, स्टार्ट दाबलं. मेला, स्टार्ट दाबलं.

“काका, बोअर आहे हे. लगेच मरतो मी.”

“बरं. आता एकच डाव. मेलास की बाजूला व्हायचं, मग माझा नंबर.”

“पण फुकट आहे ना?”

“असू दे.”

तो चरफडत बाजूला झाला आणि नाइलाजानं बघू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, “काका, उलटं फिरायचं बटण वेगळं आहे?” होतंच. डिफेंडरची दांडी फक्त वर-खाली जाते. पुढे जायला, उलटं वळायला, गोळीला, बॉम्बला आणि अचानक गायब व्हायला अशी पाच बटणं. इतका वेळ ती त्याच्या हाताखालीच होती. पुढच्या नंबराला त्यानं आधी बोटं नीट बसवून घेतली, आणि पहिली लाट पार केली.

लंडनच्या पेकहॅममध्ये २०१४ला सुरू झालेल्या फोर क्वार्टर्स या बारनं नाणं मुद्दाम परत आणलं. काउंटरवर पौंड द्यायचे, अमेरिकन क्वार्टर घ्यायचे आणि तेच मशीनमध्ये टाकायचे. अनेकांना ही नुसती गंमत वाटली असेल. मला ते शहाणपण वाटतं, कारण हातात मोजकी नाणी असली की माणूस गेम ओव्हरनंतर क्षणभर थांबतो आणि कुठे चुकलं ते आठवतो.

कसलेले खेळाडू नाणं नसतानाही हीच शिस्त पाळतात. एका क्रेडिटमध्ये गेम संपवणं, त्यांच्या भाषेत वन सीसी, हाच त्यांच्यात खरा मान. टोनी टेंपल या ब्रिटिश खेळाडूनं २००६मध्ये मिसाइल कमांडचा, म्हणजे क्षेपणास्त्रांपासून शहरं वाचवायच्या खेळाचा, जुना विक्रम मोडला, तो टूर्नामेंट सेटिंगवर. त्या सेटिंगमध्ये बक्षिसाची जादा शहरं मिळतच नाहीत. सुरुवातीची सहा शहरं गेली की खेळ संपला. मदत कमी केली की कसब उघडं पडतं, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा बेरीला गेलात, किंवा शेफील्डच्या नॅशनल व्हिडिओगेम म्युझियममध्ये, तर सगळी मशीन चाखत फिरू नका. एक निवडा. कुणी चांगलं खेळत असेल तर आधी त्याच्या मागे उभे राहा. कंटिन्यूला हात लावू नका. मेलात की बाजूला व्हा, मागच्याला जागा द्या, आणि तो काय करतो ते नीट बघा.