रडकी पट्टी

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण गेल्या महिन्यात वर्गात होती. सगळ्या मुलांनी अर्थ लिहून आणला. आमच्या घरी मात्र अर्थ शोधावा लागला नाही, कारण ती म्हण आम्ही भोगलेली आहे. अख्खं घर नाही, फक्त एक खोली बांधली, पण तेवढ्यातच पटली. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग अंकासाठी लिहा की!" म्हणून हा लेख. 'आम्ही' म्हणजे आई, बाबा, ताई आणि धाकटा असे चौघेजण. जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांनी मिळून लिहिलं आहे. शुद्धलेखन ताईने तपासलं आहे, तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या!

सांता क्लारातलं आमचं घर लहान आणि बैठं. आजी रत्नागिरीजवळच्या गावाहून आमच्याकडे सहा-सहा महिने राहायला येऊ लागली, तेव्हा तिला स्वतःची खोली हवी म्हणून २०१७ साली आम्ही मागच्या अंगणात एक खोली वाढवली. त्या वर्षी आजी एप्रिलमध्ये आली तेव्हा काम चालूच होतं. रोज सकाळी ती अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर मटाराच्या शेंगा घेऊन बसायची. शेंगा सोलायच्या आणि काम बघायचं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "अरे, भिंती कधी येणार?"

बाबा म्हणाले, "आई, या काय, आल्या की."

"या? ही तर नुसती लाकडं आहेत!"

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिचं गावचं घर जांभ्या दगडाचं. भिंत दीड हात जाड. इथे उभ्या लाकडी पट्ट्या, त्यांना बाहेरून प्लायवूड आणि आतून शीटरॉक. बस्स, झाली भिंत. इथे भूकंपाची भीती असते आणि लाकडी सांगाडा हलका असतो, हे आम्ही तिला समजावलं. पण तिची शंका वेगळीच होती. "आणि पाऊस आला की?"

आम्हाला हसू आलं. सांता क्लारात वर्षाला चौदा-पंधरा इंच पाऊस पडतो. आजीच्या गावी शंभर इंचांहून जास्त. तिथे मे महिन्यात घर शाकारून घेतात आणि ज्या बाजूने झड येते त्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. छप्पर चांगलं पुढे काढलेलं असतं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. आमच्या खोलीला असलं काही नव्हतं. मग पाणी अडवणार कोण?

उत्तर होतं नियमांच्या पुस्तकात. कॅलिफोर्नियात घर बांधायचं तर 'रेसिडेन्शियल कोड' पाळावा लागतो. दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. आमच्या वेळी २०१६ची होती, आणि १ जानेवारी २०२६ पासून २०२५ची लागू झाली आहे. त्यातल्या सातव्या प्रकरणात बाहेरच्या भिंतींचे नियम आहेत. बाबांनी ते वाचले आणि रात्री जेवताना आम्हा सगळ्यांना सांगितले. त्यातली एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. भिंतीत पाणी शिरूच देऊ नका, असं हे पुस्तक म्हणत नाही. बाहेरच्या गिलाव्यातून पाणी आत येणार हे ते धरूनच चालतं. म्हणून ते दोन गोष्टी मागतं. गिलाव्याच्या मागे पाणी अडवणारा थर हवा, आणि आत आलेल्या पाण्याला परत बाहेर जायला वाट हवी.

आजी म्हणाली, "मग ठीक आहे. पाण्याला अडवून कोण जिंकलंय? त्याला वाट द्यावी."

आता तो थर कसा देतात ते बघा. प्लायवूडवर डांबरी कागद लावतात. गिलावा, म्हणजे इथला स्टको, असेल तर कागदाचे दोन थर लागतात. कागद खालून वर लावत जातात. वरचा पट्टा खालच्यावर निदान दोन इंच चढला पाहिजे, आणि बाजूचा जोड निदान सहा इंच. आजीला हे सांगावं लागलं नाही. "कौलं घालतात तसंच आहे," ती म्हणाली. "वरचं कौल खालच्यावर. उलटं घातलं तर पाणी घरात." खिडकीभोवतीच्या पत्र्याच्या आणि चिकटपट्टीच्या घड्यांनाही हाच नियम. वरच्याने खालच्यावर पाणी टाकायचं, त्याच्या मागे नाही.

मग कागदावर तारेची जाळी ठोकली. ती पाहून आजी खुर्चीतून उठली आणि जवळ गेली. "अगं बाई, हे तर आमचं कूड!" मुलांनो, कूड म्हणजे कारवीच्या काठ्या विणून केलेली भिंत. तिला शेणमातीने लिंपतात. काठ्यांना माती धरून राहते, तसा इथे जाळीला सिमेंटचा गिलावा धरून राहतो. गावी आजीच्या गोठ्याची भिंत कुडाची होती. अमेरिकेत येऊन कूड भेटलं, याचा तिला फार आनंद झाला.

गिलाव्याच्या आधी शहराचा इन्स्पेक्टर जाळी तपासायला येतो. एकदा गिलावा चढला की आतलं काही दिसत नाही, म्हणून आधी. आमच्या इन्स्पेक्टरला नळाच्या पाइपाजवळ कागद हाताच्या बोटाएवढा फाटलेला दिसला. "हे नीट करा, मग पुढे." त्यात काम रखडलं आणि बाबा चिडले. आजी बाबांवरच चिडली. "भिंतीच्या आत कोण बघणार, असं म्हणणाऱ्याचं घर आधी गळतं," ती म्हणाली.

गिलाव्याचे हात तीन. पहिल्या हातानंतर निदान अठ्ठेचाळीस तास थांबायचं, दुसऱ्यानंतर निदान सात दिवस. तिन्ही मिळून जाडी सात अष्टमांश इंच. त्या दिवसांत गिलाव्यावर पाणी मारायचं काम आजीने स्वतःकडे घेतलं. सिमेंटला पाणी मारायचं असतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

भिंतीच्या अगदी तळाशी, पायाच्या वर, गवंड्याने एक पत्र्याची पट्टी बसवली होती. तिला 'वीप स्क्रीड' म्हणतात. गिलाव्यातून आत आलेलं पाणी कागदावरून खाली ओघळतं आणि या पट्टीतून बाहेर पडतं. 'वीप' म्हणजे रडणं, असं धाकट्याने सांगितल्याबरोबर आजीने तिचं बारसं करून टाकलं. रडकी पट्टी! कोडात लिहिलं आहे की ही पट्टी मातीच्या निदान चार इंच वर हवी, आणि फरशी किंवा काँक्रीट असेल तर दोन इंच. गवंडी मेक्सिकोचा. त्याला मराठी येत नव्हतं आणि आजीला स्पॅनिश. त्याने पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये आडवा तळहात धरला आणि मान हलवून "नो, नो" केलं. म्हणजे इथे माती टाकू नका. आजीने अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली आणि तिच्या निम्म्यावर बोट ठेवलं. "अर्धी वीत मोकळी." दोघांचं एकमत झालं.

खोली झाली. आजीने भिंतीलगत अळू लावलं, अगदी पन्हळीचं पाणी खाली पडतं तिथे. कोकणात मोरीच्या पाण्यावर अळू लावतात. पाणीही जिरतं आणि फतफतंही मिळतं. इथल्या थंडीत अळू मरायचं आणि वसंतात पुन्हा फुटायचं. तुमच्यापैकी काही जणांनी गणपतीत त्याच्या वड्या खाल्ल्या आहेत. आजीचं लक्ष असायचं. माती पट्टीकडे सरकली की ती खुरप्याने मागे ओढायची.

२०२१च्या हिवाळ्यात आजी गावी वारली. आम्हाला जाता आलं नाही.

पुढच्या वसंतात अळू पुन्हा फुटलं. आम्हाला वाटलं, आजीच आली. त्यानंतर आम्ही त्या वाफ्याचे फार लाड केले. खताच्या पिशव्या आणून ओतल्या, वर पुन्हा माती टाकली, वाफा उंच दिसावा म्हणून कडेला विटा लावल्या. रोज पाणी घातलं. रडकी पट्टी कधी मातीखाली गेली ते कळलंसुद्धा नाही. पट्टी कुणाच्या लक्षातच नव्हती.

डिसेंबर २०२२च्या अखेरीपासून जानेवारी २०२३च्या मध्यापर्यंत काय पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल. तीन आठवड्यांत एकामागून एक नऊ वादळं आली. बातम्यांत त्यांना 'आकाशातल्या नद्या' म्हणत होते. त्या महिन्यात आजीच्या खोलीत कुबट वास येऊ लागला. आधी वाटलं, खोली बंद असते म्हणून. मग भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी फुगली आणि तिच्यामागे काळी बुरशी दिसली.

भिंत उघडली. तळाचं आडवं लाकूड शाबूत होतं, कारण काँक्रीटला टेकलेलं लाकूड औषध मुरवलेलं असावं असा नियम आहे. पण त्याच्या बाहेरचं प्लायवूड पाच-सहा फूट लांबीत काळं पडलं होतं. बाबांनी त्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा गेला. दोन उभ्या पट्ट्यांची टोकं कुजली होती आणि वाळवीही लागली होती. मातीत गाडलेल्या गिलाव्याच्या मागून वाळवी वर चढते आणि बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

कंत्राटदाराने विचारलं, "ही माती कुणी टाकली?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इन्स्पेक्टरने फाटका कागदसुद्धा सोडला नव्हता. गवंड्याने हाताने दाखवून सांगितलं होतं. आजीने पट्टीला नाव ठेवलं होतं. पाण्याला वाट होती, ती आम्हीच बुजवली, आणि तीही आजीच्या आठवणीने.

हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं. १६ जून २०१५ रोजी बर्कलीत, आपल्यापासून तासाभरावर, एका इमारतीची वरच्या मजल्यावरची बाल्कनी कोसळली आणि सहा तरुण मुलं गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बाल्कनीची लाकडं आतल्या आत पाण्याने कुजली होती. त्यानंतर २०१८ साली कायदा झाला. तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारतींत लाकडाच्या आधारावरच्या बाल्कन्या आणि जिने ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागतात. आपल्या वर्गातली बरीच मंडळी अपार्टमेंटमध्ये राहतात. बाल्कनीचा तळ फुगलेला दिसला, डाग पडलेला दिसला, तर मॅनेजरला लेखी कळवा. संकोच करू नका.

आमच्या दुरुस्तीत त्या उन्हाळ्याच्या भारतवारीचे पैसे गेले. आजीनंतर पहिल्यांदाच गावी जाणार होतो, ते राहिलं. ताई दोन दिवस बोलली नाही. मग तीच बाबांबरोबर फावडं घेऊन माती काढायला आली. खालचा गिलावा फोडून नवं प्लायवूड बसवलं. नवा कागद जुन्या कागदाच्या खाली सरकवला, कौलासारखा. इन्स्पेक्टर पुन्हा आला आणि या वेळी त्याची वाट पाहताना कोणी चिडलं नाही.

अळूचं काय करायचं यावर घरात वाद झाला. धाकटा म्हणाला, हलवायचं नाही, ती आजीची जागा आहे. आम्ही त्याला काही समजावलं नाही, फक्त आजीचं खुरपं त्याच्या हातात दिलं आणि पट्टीजवळची माती ओढायला सांगितली. अर्धी वीत मोकळी झाली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "आजी हेच करायची." मग त्यानेच कांदे उपटून भिंतीपासून सहा फुटांवर लावले. पन्हळीला नळी जोडून पावसाचं पाणी तिथवर नेलं आहे. त्या वर्षी पानं जरा लहान आली. पुढच्या वर्षी नेहमीएवढी झाली.

आजीच्या गावच्या घरी अळू भिंतीलगत चालतं, कारण दगड कुजत नाही. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीला हा आतल्या पाण्याच्या वाटेचा नियम कोडसुद्धा लावत नाही. इथली भिंत बाहेरून दगडासारखी दिसते, पण आत लाकूड आहे. दिसतं तसं नसतं, ही म्हणही वर्गात झालीच आहे.

तेव्हा मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ आमच्याकडून. फूटपट्टी घ्या आणि आईबाबांना घेऊन घराला बाहेरून एक चक्कर मारा. स्टकोच्या तळाशी पट्टी दिसते का बघा. जुन्या घरांना बऱ्याचदा ती नसते, तेव्हा माती गिलाव्याला टेकली आहे का तेवढं बघा. पट्टी असेल तर ती मातीच्या किती इंच वर आहे ते मोजून वहीत लिहा. चारपेक्षा कमी भरलं तर माती मागे ओढा. पट्टीची फट मात्र कुणी सिलिकॉनने बुजवू नका. तिला रडू द्या, म्हणजे भिंत आतून कोरडी राहील.

ज्यांना अळूचे कांदे हवे असतील त्यांनी शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्हाला भेटा. पिशवी घरून आणा.