थंडीच्या देशाला निघताना

यंदा फाल्गुन लागताच अंबरनाथच्या एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. मुलांच्या परीक्षा आटोपताच मार्चअखेर ते सहकुटुंब पॅरिस, ब्रुसेल्स आणि अ‍ॅमस्टरडॅम पाहण्यास निघणार आहेत. "तुम्ही गेल्या वर्षी याच दिवसांत आईंना घेऊन जाऊन आलात. तिकडे काय घालावे, तेवढे सांगा," असे ते म्हणाले. मी त्यांना चार गोष्टी सांगितल्या खऱ्या, परंतु फोन ठेवल्यावर जाणवले की, सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती लिहून काढावी, म्हणजे आपल्या समाजातील इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख.

गेल्या वर्षी होळी होऊन आठवडा उलटला होता. बदलापुरात पारा चाळिशीकडे झुकला होता. छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना आम्ही मधल्या खोलीत बसून मोजे, हातमोजे आणि कानटोप्या बॅगेत भरीत होतो. निमित्त होते धाकट्या बहिणीचे. तिच्या सासरची मंडळी मूळची पालनपूरची, हिऱ्यांच्या व्यापारातील, आणि आता बेल्जियममधील अँटवर्प शहरी स्थायिक झालेली. आईचे वय शहात्तर. मुलीचा संसार एकदा डोळ्यांनी पाहावा ही तिची इच्छा होतीच, पण त्याहूनही मोठी ओढ होती ती तेथील विलराइक या उपनगरातील पार्श्वनाथ भगवानांच्या जिनालयाची. २०१० साली उभ्या राहिलेल्या या पांढऱ्या संगमरवरी मंदिराची छायाचित्रे तिने कितीदा तरी न्याहाळली होती. मात्र चैत्री ओळीची आयंबिले आपल्याच उपाश्रयात करायची, हा तिचा नेम. म्हणून ओळीपूर्वीचे मार्चअखेरचे नऊ दिवस ठरले.

मार्च महिना म्हणजे तिकडे वसंत, असे पुस्तकांत वाचलेले असते. आपल्याकडे वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर आणि कैरीचे पन्हे. बेल्जियममधील वसंताचा आरंभ वेगळा. दुपारी दहा-अकरा अंश, पहाटे तीन-चार अंश, आणि मधल्या वेळात ऊन, वारा व पावसाची सर यांचा लपंडाव. मार्च महिना जाता जाता शेपूट हलवतो, अशी तेथील डच भाषेत म्हणच आहे. हिवाळा संपला असे वाटते न वाटते तोच तो पुन्हा एक फटका मारून जातो, असा तिचा आशय.

माझे दुकान उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, तयार कपड्यांचे. गजानन मार्केट आणि जपानी बाजार यांच्या सावलीत आयुष्य गेले. त्यामुळे कपड्यांच्या बाबतीत मला कोणाला विचारण्याची गरज भासली नाही. हिवाळी मालाचा मोसम आमच्याकडे जानेवारीतच संपतो. उरलेल्या मालातून मी आईसाठी एक काळे, फुगीर, वजनाला अगदी हलके जॅकेट निवडले. गिऱ्हाईक खूश असलेला माल होता. मी हात फिरवून पाहिला, शिवण पाहिली, चेन वरखाली करून पाहिली. तीस वर्षांच्या सवयीने हे सारे पाहिले. आतल्या बाजूस शिवलेले बोटभर लेबल मात्र वाचले नाही.

अँटवर्पला पोहोचलो त्या दिवशी ऊन पडले होते. १९०५ साली खुले झालेले तेथील मध्यवर्ती रेल्वेस्थानक एखाद्या राजवाड्यासारखे भव्य आहे, आणि त्याला लागूनच हिऱ्यांचा बाजार. त्या चिंचोळ्या रस्त्यांवर गुजराती बोल कानी पडताच आई क्षणभर थबकली. दुसऱ्या दिवशी शेल्ट नदीच्या काठी गेलो, तेव्हा थंडी म्हणजे काय ते कळले. थर्मामीटर नऊ अंश दाखवीत होता, पण नदीवरून येणारा वारा बाह्यांतून, गळ्यातून थेट आत शिरत होता. त्यातच सर आली. आईच्या पायांत कापडी बूट होते, कारण चामडे ती वापरत नाही. ते दहा मिनिटांत भिजले. साडीचा काठ दगडी फरशीवरच्या पाण्याने घोट्यापर्यंत ओला झाला. त्या रात्री बहिणीने आईचे पाय कितीतरी वेळ शेकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिनालयात गेलो. पादत्राणे काढून, जॅकेट काढून ठेवताना आईच्या बाहीवर काहीतरी पांढरे चिकटलेले दिसले. तिने ते चिमटीत धरले. नखाएवढे, मऊ, पांढरे पीस होते. तिने बाही निरखून पाहिली, तर शिवणीतून तसेच दुसरे पीस अर्धे बाहेर आलेले.

"अरे, हे कशाचे?" तिने विचारले.

मी जॅकेट उलटे करून लेबल वाचले. बाहेरचे कापड पॉलिस्टर. आत भरलेले, डाउन आणि फेदर. म्हणजे बदकांची वा हंसांची मऊ पिसे. अशी पिसे बहुतांशी मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते, पण त्या ज्ञानाचा आणि माझ्या दुकानातील मालाचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

आई रागावली नाही. तिने ते पीस रुमालात ठेवले, जॅकेट माझ्या हाती दिले आणि शांतपणे दर्शनाला गेली. तिचे चैत्यवंदन नेहमीपेक्षा लांबले. परत येताना तिने ते जॅकेट पुन्हा अंगावर घेतले नाही. बाहेर सहा अंश होते. मी माझा कोट पुढे केला, तो तिने घेतला. मोटारीत बसल्यावर ती एवढेच म्हणाली, "मी दोन दिवस घातले, ते अजाणता. तू मात्र रोज विकतोस. एकदा बघून घे."

त्या दिवशी दुपारी बहिणीने आम्हा दोघांना समोर बसवून थंडीचा पहिला धडा दिला. कपडा ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. कपडा ती केवळ अडवून धरतो, आणि अडवण्याचे काम खरे म्हणजे तंतूंमध्ये साठलेली स्थिर हवा करते. पिसांत हवा पुष्कळ मावते, म्हणून ती ऊबदार. हेच काम पॉलिस्टरचे बारीक कुरळे तंतूही करतात. तेवढ्याच उबेसाठी जॅकेट थोडे जड होते इतकेच. उलट ओल लागली तर पिसे गोळा होऊन निकामी होतात, हे तंतू मात्र बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणजे ऊब आणि अहिंसा यांत विरोध मुळात नाहीच. विरोध आहे तो आपल्या न पाहण्याशी.

मग तिने आईला नव्याने सजविले. अंगालगत कृत्रिम धाग्याचे पातळ थर्मल. कारण सुती बनियन घाम शोषून ओलीच राहते आणि ओले कापड अंगातील उष्णता ओढून नेते. त्यावर पूर्ण बाह्यांचे पोलके. त्यावर फ्लीसचे जाकीट, हेही पॉलिस्टरचेच. सर्वांत वर वारा आणि पाणी अडविणारा, टोपी असलेला पातळ रेनकोट. छत्री त्या वाऱ्यात उलटते, म्हणून टोपी हवीच. साडीच्या आत थर्मलची विजार, आणि साडी नेहमीपेक्षा चार बोटे वर नेसलेली. एक जाड कोट घालण्याऐवजी चार पातळ थर घालण्याचा लाभ असा की, तिकडे घरे, दुकाने, आगगाड्या आतून तापविलेल्या असतात. आत गेल्यावर दोन थर उतरवायचे, बाहेर निघताना चढवायचे. जाड कोटात माणूस आत घामाघूम होतो आणि बाहेर पडताच तोच घाम गारठवतो.

बुटांचा प्रश्न तिने बाजारात नेऊन सोडविला, आणि तेथे व्यापारी म्हणून मला मोठा धडा मिळाला. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या बुटांवर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे, हे लहान चित्रांनी दाखविण्याची पद्धत आहे. ताणून पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. जाळीदार चौकोन म्हणजे कापड. आणि साधी हिऱ्याची, म्हणजे चौकटची आकृती असेल, तर रबर वा तत्सम इतर पदार्थ. भाषा न येताही आईने स्वतः बूट उलटे करकरून हिऱ्याची खूण शोधली आणि पाणी न शिरणारे, रबरी तळाचे बूट निवडले. कपड्यांसाठीही संघाचा २०११ सालचा १००७ क्रमांकाचा नियम आहे. कापडी वस्तूत चामडे, फर यांसारखा प्राणिजन्य पण कापड नसलेला भाग असेल, तर तसे वाक्य लेबलावर छापावे लागते. ते वाक्य दिसले की वस्तू परत ठेवायची. हाताच्या चिमुकल्या लेबलात एवढी माहिती असते, आणि मी तीस वर्षे त्यातील फक्त माप वाचीत आलो होतो.

लोकरीवरून मात्र घरात मतभेद झाला. आईच्या अंगावर तिची जुनी लोकरीची शाल होती. तिचे म्हणणे असे की, मेंढीची लोकर कातरली जाते, तिचा जीव जात नाही. आपल्या श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघाही लोकरीचा आणि कामळीही लोकरीची. भाचीचे म्हणणे वेगळे. ऑस्ट्रेलियात माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेंढ्यांच्या मागच्या अंगाची कातडी कापण्याची पद्धत आहे. त्या वेदनेतून आलेली लोकर आपल्याला नको, असे ती म्हणाली. आई बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिने शाल टाकली नाही, पण नवी लोकर घ्यायची नाही, असा नियम केला. दोघींचेही समाधान झाले. रेशमाविषयी मात्र दोघींचे एकमत होते: कोशातील किडा मारल्याशिवाय अखंड धागा निघत नाही, तेव्हा ते वर्ज्य.

पुढचे दिवस फार आनंदाचे गेले. आईने रोज जिनालयात जाऊन पूजा केली. पुरुषांनी पूजेसाठी धोती-खेस सोबत न्यावेत. ते नेसेपर्यंत अंगावरचे थर्मल उतरवावे लागते, तेवढी थंडी सोसण्याची तयारी ठेवावी. चामड्याचा पट्टा आणि पाकीट घरीच ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात. आदल्या दिवशी सातच्या सुमारास मावळणारा सूर्य त्या दिवशी घड्याळाप्रमाणे आठनंतर मावळतो. चौविहार करणाऱ्यांना त्यामुळे फिरायला वेळ मिळतो खरा, पण संध्याकाळी ऊन कलताच गारठा वाढतो. वरचा थर पिशवीत नव्हे, हातात असावा.

परतल्यावर पहिल्या सोमवारी मी दुकान तासभर उशिरा उघडले आणि उरलेला सारा हिवाळी माल खाली काढला. एकेक लेबल वाचले. पिसांची सतरा जॅकेटे निघाली. जीन्सच्या एका लॉटला कमरेमागे खऱ्या चामड्याची पट्टी निघाली. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी, मोसम संपला म्हणून, परत घेण्यास नकार दिला. ते त्यांच्या व्यवहारास धरूनच होते. पाहून घेणे माझे काम होते.

प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणताना श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो. त्यांत दंतवाणिज्य आहे. लहानपणापासून मी ते म्हणत आलो, आणि दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, त्याच्याशी उल्हासनगरच्या कापडवाल्याचा काय संबंध, असे समजून पुढे जात आलो. त्या संध्याकाळी त्या शब्दाशी माझा आवाज अडखळला. मारल्या गेलेल्या जीवाचे अंग गल्ल्यावर पैशात बदलणे, एवढाच त्याचा अर्थ असेल, तर ते मी सतरा वेळा करणार होतो.

त्या जॅकेटांचे काय करावे, हे मी आईला विचारले. ती म्हणाली, "विकू नकोस. जाळूही नकोस. ज्यांचे जीव गेले ते परत येणार नाहीत. कोणाची तरी थंडी जाऊ दे." गेल्या पौषात, बदलापुरात पहाटेची हुडहुडी भरू लागली तेव्हा, रात्रपाळीच्या वॉचमनांना आणि पहाटेच्या गाडीने भाजी आणणाऱ्या बायकांना ती देऊन टाकली. त्यात पुण्य केले असे मी मानीत नाही. चूक थोडी हलकी केली, एवढेच.

अंबरनाथच्या स्नेह्यांना आता मी पुन्हा फोन करणार आहे. थर्मल घ्या, फ्लीस घ्या, टोपीचा रेनकोट घ्या, पाणी न शिरणारे रबरी तळाचे बूट घ्या, हे तर सांगेनच. पण त्याआधी सांगेन की, बॅग भरताना प्रत्येक कपडा उलटा करून त्याचे लेबल वाचा. आणि आपल्यापैकी ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी बॅग भरण्यापूर्वी दुकानाच्या फळ्या पाहाव्यात. माझ्या हातून इतकी वर्षे जे न पाहता विकले गेले, त्याबद्दल त्या मुक्या जीवांना आणि विश्वासाने माल नेणाऱ्या गिऱ्हाइकांना मिच्छामि दुक्कडम्.