प्रिंटर, आक्का आणि जुनं गाईड

गुरुवारी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला आक्काकडे जायचं होतं. आईच्या जात्यावरच्या ओव्या गेल्या वर्षभरात मी टाईप केल्या, 112 भरल्या. आक्का 84 वर्षांची, नजर अधू झालेली, म्हणून अक्षरं मुद्दाम 28 पॉइंटची ठेवली. बुधवारी रात्री जेवण उरकून प्रिंटर सुरू केला, छापायला सांगितलं आणि... काही नाही. हिरवा दिवा लागलेला, कागद जागच्या जागी.

माझ्या संगणकावर उबुंटू आहे (आक्काच्याच मुलाची कृपा). दोन दिवसांपूर्वी एक मोठं अपडेट आलं होतं, ते मी कौतुकाने होऊ दिलं होतं. लिनक्सवर छपाईचं खातं कप्स नावाची प्रणाली सांभाळते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढे 631 टाकलं की तिचं पान उघडतं. तिथे माझ्या कामापुढे लिहिलेलं, 'फिल्टर फेल्ड'. नापास! एवढंच वाचलं आणि मी सुटलो. केबल बदलली. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. असं तीनदा. निकाल तोच.

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ नेली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण घरचा प्रिंटर असताना दुकानात कशाला, हा ताठा!

साडेअकराला भाच्याला बंगळूरला फोन लावला.

"मामा, लॉग वाचलात का?"

छत्तीस वर्षं मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून दटावणारा मी गप्प. लॉग उघडला. शेवटच्या ओळींतच कारण होतं. या प्रिंटरचा ड्रायव्हर खुला आहे, अपडेटबरोबर तो आपोआप बदलतो. पण काही भाग कंपनीने बंद ठेवलेला. तो प्लगइन म्हणून वेगळा घ्यावा लागतो आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. म्हणजे पाठ्यपुस्तक बदललं आणि गाईड जुन्याच अभ्यासक्रमाचं! मी आपला पुस्तकच पुन्हा पुन्हा आणत होतो.

गंमत म्हणजे 1980च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनही एका लेझर प्रिंटरपाशीच अडले होते. कागद अडकला की वापरणाऱ्याला निरोप जावा, एवढीच सुधारणा त्यांना करायची होती; पण सोर्स कोड मिळेना. 1983मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही चीडही होती. त्यांना निदान कोड वाचता तरी येत होता. असो.

नवं प्लगइन उतरवलं, पासवर्ड दिला, अटी मान्य केल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी पहिलं पान बाहेर आलं, गरम गरम. हुश्श!

दुसऱ्या दिवशी आक्काने पानं अगदी नाकाशी धरली. तिसऱ्या ओवीवर बोट थांबलं.

"आई असं नव्हती रे म्हणत."

आणि तिने ती पाठच म्हणून दाखवली. सात ठिकाणी चुका निघाल्या. दुरुस्त करून पुन्हा छापायचं आहे. तोवर अपडेटला हात लावणार नाही.