चिपिंग कॅम्डनचा बाजारमंडप

इंग्लंडला जाऊन आलेला मनुष्य बहुधा लंडनच्या गोष्टी सांगतो. मला मात्र एका लहानशा गांवाविषयीं सांगावयाचें आहे. कारण त्या गांवानें माझ्या मनास लावलेली टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत मी लंडनला मुलाकडे गेलों होतों. एके दिवशीं सकाळीं आम्ही दोघे आगगाडीनें मॉर्टन-इन-मार्श येथें उतरलों व तेथून बसनें चिपिंग कॅम्डनला पोहोंचलों. हें गांव ग्लॉस्टरशायर परगण्यांत, कॉट्सवोल्ड नांवाच्या डोंगराळ मुलुखांत वसलें आहे. ‘चिपिंग’ या जुन्या शब्दाचा अर्थच मुळीं बाजार. किंचित् वळत गेलेला एक लांब हमरस्ता, आणि त्याच्या दोहों बाजूंस मधासारख्या पिवळसर चुनखडी दगडाचीं घरें!

हें सारें वैभव एके काळीं मेंढीच्या पाठीवर उभें राहिलें. भोंवतालच्या टेंकड्यांवरील मेंढ्यांची लोंकर फ्लँडर्स व इटलीपर्यंत जात असे. विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याचें सुमारें १३८० सालचें घर अजून रस्त्यावर उभें आहे. तो १४०१ सालीं वारला. सेंट जेम्स चर्चमधील त्याच्या स्मारकाच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडांतील लोंकरव्यापाऱ्यांचें फूल म्हटलें आहे. पुढें तो व्यापार ओसरला. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याइतका पैसा गांवांत उरला नाहीं, आणि बहुधा त्यामुळेंच तीं वांचलीं.

हमरस्त्याच्या मध्यभागीं एक दगडी मंडप आहे. चोहों बाजूंस कमानी, वर दगडी कौलें, खालीं ओबडधोबड फरसबंदी. लोणी, चीज व कोंबड्या विकणाऱ्यांस आसरा मिळावा म्हणून सर बॅप्टिस्ट हिक्स या धनिकानें तो १६२७ सालीं बांधिला. त्यानेंच १६१२ सालीं बांधिलेल्या घरांत गांवांतील वृद्ध माणसें आजही राहतात. त्याचा स्वतःचा भव्य वाडा मात्र १६४५ सालीं यादवी युद्धांत जळून गेला. आपल्यासाठीं बांधिलें तें गेलें. लोकांसाठीं बांधिलें तें राहिलें.

अकस्मात् पाऊस आला, म्हणून आम्हीही त्या मंडपांत शिरलों. शेजारीं एक वृद्ध बाई हातांत पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, १९४० नंतरच्या दशकांत हा मंडप एका अमेरिकन गिऱ्हाइकास विकला जाण्याच्या बेतांत होता; परंतु गांवकऱ्यांनीं वर्गणी जमवून तो विकत घेतला, आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला.

हें ऐकून मीं मान खालीं घातली. आमच्या खेड्यांतील वाड्याच्या ओसरीस नक्षीदार सागवानी खांब होते. त्यांतील एकास टेंकून बसत आजोबांनीं मला मुळाक्षरें शिकविलीं. वडील वारल्यावर जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ते खांब मागावयास आला, आणि मीं सही करून दिली. पैशाची नड होती असेंही नाहीं. पडका वाडा सांभाळावयाचा कोणीं, एवढाच विचार केला. खांब गाडीवर चढले त्या दिवशीं आई जेवावयास बसली, पण एक शब्दही बोलली नाहीं.

“बाबा, आपले खांब आतां कोठें असतील?” मुलानें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

पाऊस थांबल्यावर आम्ही मैलभर चालून डोव्हर्स हिल या टेंकडीवर गेलों. खालीं ईव्हशॅमचें खोरें पसरलें होतें. कुंपणाच्या झुडपांनीं आंखलेलीं हिरवीं शेतें, मधून मधून मेंढ्या. रॉबर्ट डोव्हर नांवाच्या वकिलानें सतराव्या शतकाच्या आरंभीं येथें खेळांची जत्रा भरविली. एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याची विलक्षण झुंज तींत आजही होते! ही टेंकडीही १९२६ च्या सुमारास विकावयास निघाली होती. तेव्हां ग्रिग्ज नांवाच्या गांवांतील चित्रकारानें पुढें होऊन ती राखली. मुलगा खोऱ्याकडे पाहत होता. मला मात्र आमची ओसरीच दिसत होती.

दिवाळींत मी खेड्यास गेलों. ओसरीवर खांबांचे दगडी तळखडे तेवढे उरले आहेत. परंतु वाड्यामागची बांधीव विहीर अद्याप शाबूत आहे. फक्त गाळानें भरली आहे. ती उपसण्यासाठीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं वर्गणी धरली आहे, आणि पहिली पावती माझ्या आईच्या नांवानें फाडली आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या गांवींही एखादी विहीर, धर्मशाळा किंवा पार असेल. तो कोणीं बांधिला, कोणासाठीं बांधिला, हें सुटींत वडील माणसांस अवश्य विचारा. आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वीं विचारा.